थंडी मला वाजत होती

टेक्सासच्या किनाऱ्यावर गाइड घेऊन मासेमारीला जायचं म्हणजे नेमकं काय विकत घ्यायचं, हे मला पैसे भरून झाल्यावरही कळलं नव्हतं. माझी समजूत अशी की आपण होडी भाड्याने घेतो आणि ती हाकणारा माणूस तिच्याबरोबर येतो. मी देवगडचा. खाडीच्या काठावर गरवतच मोठा झालो. बोयींचा थवा पाण्यात कसा दिसतो, तांबोशी कुठल्या खडकाच्या कपारीत दडते, हे मला अमेरिकेत कोण शिकवणार, हा माज ह्यूस्टनमध्ये इतकी वर्षं कीबोर्ड बडवूनही उतरला नव्हता.

मी निवडलेलं रॉकपोर्ट हे ह्यूस्टनहून गाडीने तीन-साडेतीन तासांवरचं गाव. २०१७ च्या ऑगस्टमध्ये हार्वे चक्रीवादळ किनाऱ्यावर चढलं ते याच भागात. समुद्राच्या बाजूला वाळूची लांबलचक बेटं आणि त्यांच्या आत उथळ खाड्या: आरान्सास बे, रेडफिश बे. मैलोन्‌मैल पाणी कमरेइतकं, कित्येक ठिकाणी गुडघ्याइतकंच. तळाला सागरी गवत, काळा चिखल आणि कालवांचे थर. या पाण्यातले दोन मासे लोकांना वेड लावतात. एक रेडफिश: तांबूस सोनेरी, जाड खवल्यांचा, शेपटीच्या बुडाशी काळा टिळा लावलेला. दुसरा स्पेकल्ड ट्राउट: रुपेरी, पाठीवर ठिपके, तोंड आतून पिवळंधमक आणि वरच्या जबड्यात सुळे. नावात ट्राउट असला तरी डोंगरी ओढ्यातल्या ट्राउटशी याचा काही संबंध नाही. दोघेही आपल्या घोळ-ढोम्याच्या कुळातले.

हे कूळ मला नंतर समजलं. कॅप्टनला फोनवर मी ठणकावून सांगितलं होतं की रेडफिश आमच्याकडेही असतो, आम्ही त्याला तांबोशी म्हणतो. रंग तांबडा दिसला म्हणून मी सोयरीक जुळवून टाकली होती. (तिकडे गाइडला कॅप्टन म्हणतात. गिऱ्हाइकं होडीत घेऊन जायची तर त्याला कोस्ट गार्डचा परवाना लागतो, त्यामुळे ती पदवी नुसती मानाची नाही.) तो फक्त ‘असं होय’ म्हणाला. आता वाटतं, माझी बाकीची परीक्षाही त्याने तिथेच करून टाकली असणार.

नागपूरहून माझा मेहुणा डिसेंबरात राहायला आला होता. त्याला मासेमारी दाखवायची म्हणून मी शनिवार ठरवला, पैसे भरले, हॉटेल घेतलं. गुरुवारी रात्री नॉर्दर आला. नॉर्दर म्हणजे उत्तरेकडून येणारी थंड हवेची लाट. दुपारी अर्ध्या बाहीच्या शर्टात फिरणारा माणूस संध्याकाळी जाकीट शोधत असतो. काही तासांत पारा पंधरा-वीस अंश सेल्सिअसने उतरल्याचं मी डोळ्यांनी पाहिलंय. शुक्रवारी दुपारी कॅप्टनचा फोन. त्याने ‘येऊ नका’ असं सरळ म्हटलं नाही. टेक्सासची माणसं नकार फार आडवळणाने देतात. तो म्हणाला, पाणी अठ्ठेचाळीसवर आलंय. दोन दिवस ऊन पडू द्या, सोमवारी या, पैसे तेच. शनिवारीच यायचं असेल तर निदान पहाटे नको, दहाला निघू.

अठ्ठेचाळीस म्हणजे फॅरनहाइट, आपले जेमतेम नऊ. माझ्या फोनवर शनिवारी लख्ख ऊन होतं, दुपारचं तापमान सोळा अंश आणि वारा कमी. त्या पडद्याकडे बघत मी त्याला म्हटलं, हवा तर सुरेख आहे, सोमवारी मला ऑफिस आहे. आणि दहाला कशाला? मासा पहाटे लागतो. हे शेवटचं वाक्य मी ज्या थाटात म्हटलं तो थाट आठवला की आजही कानाच्या पाळ्या गरम होतात. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘दिवस तुमचा आहे.’

माझ्या सगळ्या चुकांची आई ती. मी हवेचं तापमान वाचत होतो आणि तो पाण्याचं सांगत होता. हवा एका सकाळीत तापते. नॉर्दरने एका रात्रीत गारठवलेली खाडी पुन्हा उबदार व्हायला उन्हाचे दोन-तीन दिवस लागतात. मासा थंड रक्ताचा. पाणी जेवढं गार तेवढा तो गार. पाण्याचा पारा दहाएक अंशांनी उतरला तर त्याच्या अंगातला सगळा कारभार साधारण निम्म्या वेगाने चालतो. खाल्लेलं पचायला वेळ लागतो, म्हणून भूकही उशिरा लागते. शिकारीमागे पळून शक्ती घालवणं त्याला परवडत नाही. रेडफिश बराच काटक, पण ट्राउट साधारण सात अंशांच्या खाली गेला की बधिर होतो आणि त्याहून खाली मरायला लागतो. हिवाळ्यात सगळ्यात बरी वेळ दुपार कलतानाची, कारण तळाचा काळा चिखल ऊन पिऊन घेतो आणि त्याच्यावरचं पाणी एखाद-दोन अंशांनी चढतं. ते एक-दोन अंश माशाला पुरतात. लाट यायच्या आधीचे काही तास तर सोन्याचे. मासा पुढचा उपास ओळखल्यासारखा खात सुटतो. म्हणजे मी निवडलेली वेळ, लाट गेल्यानंतरची पहिली निरभ्र पहाट, ही सगळ्या आठवड्यातली सर्वांत नापीक वेळ होती. आकाश निळंशार, दाब चढलेला, मासा तळाला चिकटलेला.

पहाटे आम्ही धक्क्यावर पोचलो तेव्हा कॅप्टन थर्मासमधून कॉफी ओतत होता. त्याने आधी माझ्या जीन्सकडे पाहिलं, मग कॅनव्हासच्या बुटांकडे, आणि होडीच्या खणातून दोन मेणकापडी कोट काढून दिले. कोट वरून ठीक होता, पण जीन्स सुती. होडीने वेग घेतला आणि पाण्याचे तुषार मांड्यांवर यायला लागले. ओलं सुती कापड आणि ताशी पन्नास किलोमीटरचा वारा, काय होतं ते सांगायला नको. मेहुणा थोड्या वेळाने म्हणाला, ‘भाऊजी, हात आहेत की गेले, समजून नाही राहिलं.’

मग भरती-ओहोटीचा विषय निघाला, म्हणजे मीच काढला. आदल्या रात्री मी तक्ता पाठ केला होता. देवगडला उधाणाची भरती माणूसभर चढते. कुठल्या तिथीला, कुठल्या वेळी, कुठल्या खडकावर उभं राहायचं, हे सगळं आमच्याकडे चंद्रावर ठरतं. तक्त्यानुसार साडेआठनंतर पाणी चढणार होतं, म्हणून मी कॅप्टनला एक गवताळ किनारा दाखवून म्हटलं, तिकडे जाऊ, भरतीबरोबर मासा काठाला येईल. त्याने काही न बोलता होडी वळवली. किनाऱ्यापासून बऱ्याच अंतरावर इंजिनाने चिखल उपसायला सुरुवात केली. पुढे पाणीच नव्हतं. ओल्या चिखलावर बगळे फिरत होते आणि कालवांचे थर दातांसारखे उघडे पडले होते.

या खाड्यांत चंद्राची भरती जेमतेम वीतभर. इथे पाणी हलवतो तो वारा. उत्तरेचा वारा दिवसभर वाहिला की खाडीतलं पाणी समुद्राकडे ढकलून देतो आणि तक्त्यात भरती लिहिलेली असताना उथळ भाग कोरडा पडतो. मासे अशा वेळी काठ सोडून खोलगट नाळांत, कालव्यांच्या कडांना, बंदराच्या बुडाशी जातात. हे त्याला माहीत होतं. मग तो मला तिथे घेऊन का गेला? पुढे एकदा विचारलं. म्हणाला, सांगून तुम्हाला पटलं नसतं. रेडफिश बेमध्ये समुद्री गवत मुळासकट उपटलं जाईल असं इंजिन चालवायला २००६ पासून कायद्याने मनाई आहे. आम्ही होतो तिथे नुसता चिखल होता हे त्याने आधीच पाहून ठेवलं होतं, तरी त्याने इंजिन वर उचललं आणि लांब काठीने होडी ढकलत आम्हाला बाहेर काढलं. माझ्या भरतीपायी साठीच्या माणसाला अर्धा तास काठी मारावी लागली. मी मदत करू का, असं विचारल्यावर तो म्हणाला, बसून राहिलात तर मदत होईल.

शेवटी होडी एका नाळेच्या तोंडाशी थांबली. दोन्ही बाजूंना गुडघाभर पाणी, मध्ये छातीभर. त्याने काठीसारखा नांगर चिखलात रोवला आणि हळू बोला म्हणाला. हिवाळ्यात पाण्यातलं शेवाळ कमी होतं आणि पाणी काचेसारखं नितळ होतं, म्हणून त्याने तंगूसही बारीक लावला होता. त्यावर शिशाच्या डोक्याचा छोटा गळ, हलक्यात हलक्या वजनाचा, आणि गळाला रबराचा, हाताच्या बोटाएवढा, काळपट मासा. जिवंत कोळंबी का नाही, मी विचारलं. याने काम होईल, तो म्हणाला. फक्त लांब फेका, तळाला जाऊ द्या, आणि मग काही करू नका.

काही करू नका! शेकडो डॉलर मोजून, गारठून, चिखल खाऊन आल्यावर हे ऐकायचं. मी फेकलं, मनात दोन आकडे मोजले आणि रीळ फिरवायला लागलो. पुन्हा फेकलं, पुन्हा ओढलं. तो म्हणाला, हळू. मी हळू केलं, म्हणजे माझ्या मते हळू. तो म्हणाला, याच्या निम्म्याने. मी चार फेऱ्या निम्म्याने केल्या आणि पाचव्यांदा हात आपोआप सुटला. यात हट्ट होता तसं शरीरही होतं. थंडीत कुडकुडणारा माणूस हालचाल वाढवतो, हात चोळतो, पाय आपटतो, भराभर रीळ फिरवतो, तेवढीच ऊब. थंडी मला वाजत होती म्हणून माझं आमिष पळत होतं, आणि ज्याने ते गिळायचं तो मासा त्याच थंडीने खाली दगडासारखा पडला होता. त्याच्या नाकासमोरून मी पुनःपुन्हा एक आगगाडी सोडत होतो. शिवाय पाय आपटण्याचा प्रत्येक आवाज होडीच्या पोकळ तळातून थेट पाण्यात जात होता. कॅप्टनने एकदा माझ्या बुटावर हलकेच हात ठेवला, पोराला करतात तसा.

मेहुण्याने मात्र काहीच ऐकलं नव्हतं, कारण कानटोपी कानांवर ओढून घेतली होती. त्याने आयुष्यात कधी गळ टाकलेला नव्हता. कॅप्टनने त्याच्यासाठी गळ फेकला आणि गळाची काठी हातात दिली, पण त्याची बोटं इतकी आखडली होती की रिळाची मूठ धरवेना. त्याने काठी मांडीवर आडवी ठेवली आणि दोन्ही हात काखेत घातले. आमिष तळाला पडून राहिलं. नाळेतलं पाणी किंचित हलत होतं, तेवढंच ते रबराचं शेपूट हलत असणार. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, काठी जड लागतेय, कचरा अडकला वाटतं.

कॅप्टन एका उडीत त्याच्यापाशी. उन्हाळ्यात ट्राउट आमिषावर झडप घालतो, ठक्‌ असा झटका कोपरापर्यंत येतो. थंड पाण्यात तसलं काही होत नाही. मासा आमिषापाशी येतो, तोंड उघडतो, ते आत ओढतो आणि तिथेच थांबतो. वर हातात येतं ते नुसतं वजन, ओल्या फडक्यासारखं. मला सकाळपासून असे कचरे दोन-तीनदा तरी लागले होते आणि प्रत्येक वेळी मी ‘गवत’ म्हणून काठी झटकून मोकळा झालो होतो. हे तेव्हा लख्ख कळलं आणि पोटात खड्डा पडला. मेहुण्याच्या काठीला रेडफिश होता. फार पळाला नाही, गार पाण्यात तेही आळशासारखं, पण जाळीत घेतल्यावर टुर्र टुर्र वाजायला लागला. घोळीसारखाच हाही पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायूंचा मारा करून आवाज काढतो. घोळीच्या त्या पिशवीला, बोताला, आपल्याकडे सोन्याचा भाव मिळतो, हे मी कॅप्टनला सांगितलं. तो म्हणाला, मग तांबोशीचं काय झालं?

ऊन वर आलं, दुपार झाली, आणि मी दमलो म्हणून का होईना, हळू झालो. तेव्हा मला ट्राउट लागला. काठीची जडशी ओढ, मी यावेळी झटका न देता नुसती काठी उचलली. ट्राउटचं तोंड नाजूक, जोर लावला की गळ फाडून निघतो. मासा वर आला आणि मी आनंदाने ओरडत कोरड्या टॉवेलात धरला. कॅप्टनने टॉवेल काढून घेतला. हात आधी पाण्यात बुडवा, म्हणाला, कोरड्या कापडाने अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि सोडलेला मासा नंतर मरतो. सोडलेला? पट्टीवर मासा बावीस इंच भरला. मला जुना नियम पाठ होता: पाच मासे, पंधरा ते पंचवीस इंच. तो २०२४ मध्ये बदलला. आता ट्राउट तीनच, आणि पंधरा ते वीस इंचांतलेच. याहून मोठे बहुतेक मादीच, अंडी घालणारे. अठ्ठावीस इंचांच्या वरचा एखादा ठेवायचा असेल तर त्यासाठी परवान्याबरोबर वेगळा टॅग लागतो.

मी वाद घातला. एका माशाने काय होतं, असं म्हणालो. तेव्हा त्याने २०२१ चा फेब्रुवारी आठवतो का, एवढंच विचारलं. आठवत कसा नाही! ह्यूस्टनमध्ये आमच्या घरात वीज नव्हती, नळ फुटले होते, आम्ही गाद्या दिवाणखान्यात ओढून सगळे एकत्र झोपलो होतो. पण त्याच दिवसांत टेक्सासच्या किनाऱ्यावर निदान ३८ लाख मासे थंडीने मेले, हे मी तेव्हा वाचूनही वाचलं नव्हतं. १९८३ च्या डिसेंबरातली लाट याहून वाईट होती, तेव्हा अंदाज १ कोटी ४० लाखांचा होता. आता कडाक्याची लाट आली की मासे जिथे खोल पाण्यात आसऱ्याला गोळा होतात तिथली मासेमारी राज्याचं खातं काही काळ बंदच करतं. बधिर मासा कुणीही हाताने उचलू शकेल. मी ट्राउट पाण्यात धरला. काही क्षण तो नुसता माझ्या तळहातावर पडून होता, कल्ले उघडझाप करत. मग शेपूट हलवून गेला, तोही सावकाशच. माझा फोटो काढायचा राहिला, याचं मला त्या वेळी दुःख झालं हेही लिहायला हवं.

धक्क्यावर परतल्यावर मी अजून एक घाण केली. मेहुण्याचा रेडफिश कॅप्टनने साफ करून दिला होता. शेजारच्या होडीवाल्याच्या पाटावर त्याच्या गिऱ्हाइकांचे बरेच रेडफिश पडले होते. आपल्याकडे कोळणीला ‘मावशे, दोन जास्त टाक’ म्हणतो त्या सुरात मी कॅप्टनला म्हटलं, त्यांना विचारा ना, जास्तीचे असतील तर मी पैसे देतो. त्याचा चेहरा पहिल्यांदा खरोखर कठोर झाला. टेक्सासमध्ये खाडीतला रेडफिश आणि हा ट्राउट विकायला १९८१ पासून बंदी आहे. दुकानात, हॉटेलात मिळतो तो रेडफिश तळ्यात वाढवलेला. पुढे त्याच दशकात न्यू ऑर्लिन्सच्या पॉल प्रुडोम या शेफने मसाल्यात करपवलेल्या रेडफिशची अशी चटक साऱ्या देशाला लावली की आखातातला रेडफिश जाळ्यांनी ओरबाडला गेला आणि केंद्र सरकारलाही बंदी घालावी लागली. आज या खाड्यांत रेडफिश दिसतो तो त्या बंद्यांमुळे, आणि मी त्याच धक्क्यावर उभं राहून भाव विचारत होतो. टिप मी भरपूर दिली. तिने फरक पडला असं वाटत नाही.

रेडफिशचं कालवण मात्र उत्तम झालं, आगळ घालून. मी त्याचे खवले काढायला बसलो, अर्धे खवले स्वयंपाकघराच्या छताला चिकटले. तिकडची माणसं खवले न काढता, खवल्यांची बाजू विस्तवाकडे करून भाजतात, हे बायकोने नंतर फोनवर दाखवलं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मी कॅप्टनला आपण होऊन सांगितलं, तारीख मी देणार नाही, पाणी बघून तुम्ही सांगा. लोकरीचे मोजे घेतले, आतून घालायचे सिंथेटिक कपडे घेतले, मऊ तळव्यांचे बूट घेतले. नोआच्या, म्हणजे अमेरिकेच्या सागर-हवामान खात्याच्या, स्थानकांवरून पाण्याचा पारा फोनवर दिसतो, तो रोज सकाळी दुधाच्या चहाबरोबर बघायला लागलो. जानेवारीत एका मंगळवारी दुपारी त्याचा निरोप आला: पाणी चढतंय, परवा लाट येणार, उद्या या. बुधवारी अकराला माझी मीटिंग होती. मी लिहिलं, शनिवारी जमेल का?

त्याचं उत्तर संध्याकाळी आलं. शनिवारी पाणी सेहेचाळीस असेल, दिवस तुमचा आहे.

मीटिंग पुढे ढकलता आली असती, हे मला मीटिंगमध्ये बसल्यावर कळलं. अर्धे लोक आलेच नव्हते.